स्टार ट्रेल, रोलचा कॅमेरा आणि मांडूची गोरखचिंच

दर हिवाळ्यात कुणी ना कुणी विचारतंच, की अगं आता मोबाइलवर पण ताऱ्यांचे फोटो येतात, तू तो रोलचा कॅमेरा घेऊन थंडीत अर्धी रात्र का बसतेस. लग्नात, राजवाड्यावर, पोह्यांच्या दुकानासमोर उभं राहून, कुठेही विचारतात, आणि तिथल्या तिथे ह्याचं नीट उत्तर देता येत नाही कारण त्यात थोडी केमिस्ट्री आहे, थोडं खगोलशास्त्र आहे आणि मला दोन्ही अर्धवट सांगायला आवडत नाही. म्हणून इथे सविस्तर लिहिते. माझं म्हणणं एवढंच, की फिल्मचा जो सगळ्यात मोठा दोष मानतात, मंद उजेडाला ती धड दाद देत नाही तो, नेमका तोच ताऱ्यांच्या रेघा काढताना कामाला येतो.

आधी स्टार ट्रेल म्हणजे काय ते. कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवायचा, शटर उघडायचं आणि तासन्‌तास उघडंच ठेवायचं, बस. पृथ्वी स्वतःभोवती २३ तास ५६ मिनिटांत एक फेरी मारते, म्हणजे तासाला साधारण १५ अंश, तारे तेवढे सरकताना दिसतात आणि प्रत्येकाची एक रेघ उमटते. ४ तास ठेवलं तर ६० अंश, वर्तुळाचा सहावा हिस्सा. उत्तरेकडे तोंड करून काढला तर सगळ्या रेघा ध्रुवाभोवती गोल गोल.

माझा भाचा डिजिटलवाला आहे आणि तो माझ्याबरोबर नेहमी येतो, गाडी तोच चालवतो, त्यामुळे दोन्ही पद्धती शेजारी शेजारी उभ्या असतात आणि आमची चर्चा पण रात्रभर चालते. तो ३०-३० सेकंदांचे शेकडो फोटो काढतो आणि घरी येऊन कॉम्प्युटरवर एकावर एक बसवतो. हे काम चांगलंच होतं, मी नावं ठेवत नाही, मधे विमान आलं तर तेवढा फोटो काढून टाकता येतो आणि आकाश काळंच राहतं कारण सॉफ्टवेअर प्रत्येक जागी फक्त सगळ्यात उजळ ठिपका उचलतं. पण त्यानी सलग तासभर शटर उघडं ठेवायचं म्हटलं तर सेन्सर तापतो, लाल निळे ठिपके येतात, शहराचा उजेड साठत साठत आकाश पांढरं व्हायला लागतं आणि थंडीत बॅटरी बसते ती वेगळीच. म्हणजे त्याला ते तुकडे करून मग जोडावंच लागतं. फिल्म हे सगळं एकाच निगेटिव्हमध्ये, काहीही न जोडता करते. कसं करते ते मला फार सुंदर वाटतं.

फिल्मवर जिलेटिनच्या थरात चांदीच्या क्षाराचे बारीक बारीक कण असतात. प्रकाशाचा एक कण येऊन आदळला की त्यात चांदीचा एखादा अणू सुटा होतो, पण एकटा अणू टिकत नाही, थोड्याच वेळात परत होता तसा होऊन जातो. चार-पाच अणू एकत्र जमले तर मात्र त्यांची गाठ पक्की होते आणि डेव्हलपरमध्ये, म्हणजे फिल्म धुण्याच्या रसायनात, तो अख्खा कण काळा पडतो. आता उजेड भरपूर असेल तर चार-पाच अणू पटकन जमतात. पण उजेड अगदी थेंब थेंब येत असेल तर दुसरा येईपर्यंत पहिला गेलेला असतो, मग कितीही वेळ शटर उघडं ठेवा, त्या हिशोबात फिल्म काळी होत नाही. ह्याला रेसिप्रोसिटी फेल्युअर म्हणतात. ताऱ्यांच्या फोटोंवर हे नीट मोजून त्याचं सूत्र मांडलं ते कार्ल श्वार्त्सशिल्ड ह्या जर्मन खगोलशास्त्रज्ञानी, १८९९-१९०० च्या सुमारास, तेव्हा तो व्हिएन्नाच्या वेधशाळेत काम करून आलेला होता. ब्लॅक होलच्या संदर्भात ज्याचं नाव घेतात तोच हा, फक्त ते १९१६ मधलं. मला हे कळलं तेव्हा किती आनंद झाला होता म्हणून सांगू, आपण जी गोष्ट रात्री शेतात उभं राहून वापरतोय ती त्या माणसानी ताऱ्यांकडे बघूनच शोधली.

आकडे द्यायचे तर कोडॅकच्या जुन्या तक्त्यात ट्राय-एक्स फिल्मला लिहिलंय की मीटर (उजेड मोजून शटरची वेळ सांगणारं) १०० सेकंद म्हणालं तर प्रत्यक्षात १२०० सेकंद द्या. इलफर्ड ह्या फिल्म कंपनीनी सूत्रच दिलंय, मीटरच्या सेकंदांचा घात काढायचा, त्यांच्या एफपी४ फिल्मला १.२६ आणि एचपी५ ला १.३१. म्हणजे एफपी४ वर मीटर १ मिनिट म्हणालं तर जवळजवळ ३ मिनिटं, आणि १० मिनिटं म्हणालं तर पाऊण तासाच्याही पुढे. लँडस्केपवाल्यांना हा वैताग असतो. दुर्बिणीला कॅमेरा लावून आकाशगंगा टिपणारे लोक तर ह्याच्याशी अनेक वर्षं झगडले, फिल्म हायड्रोजन मिसळलेल्या वायूत तापवून तिची ताकद वाढवायचे, १९७०-८० च्या काळात ते नेहमीचंच होतं.

पण आपल्या रेघांचं गणित उलटं आहे! ५० एमएमच्या लेन्सवर तारा फिल्मवर सेकंदाला साधारण साडेतीन मायक्रॉन सरकतो, १ मिलिमीटर जायला त्याला साडेचार मिनिटं लागतात. ताऱ्याचा ठिपका समजा वीस-बावीस मायक्रॉनचा, म्हणजे फिल्मच्या कुठल्याही एका जागेवर तो जेमतेम ६ सेकंद थांबतो आणि पुढे जातो. त्या ६ सेकंदांत फिल्मचं नुकसान फार होत नाही, एफपी४ चं सूत्र उलटं लावलं तर ती ४ सेकंदांसारखी वागते. मागचं आकाश मात्र त्याच जागेवर ४ तास थेंब थेंब गळत असतं, आणि त्याला तेच सूत्र लावलं (इतकं लांब ताणल्यावर ते अगदी काटेकोर राहणार नाही, पण अंदाज येतो) तर ४ तासांचे होतात साधारण ३३ मिनिटं. म्हणजे ताऱ्याचा तिसरा हिस्सा गेला आणि आकाशाच्या उजेडाचे सातातले सहा हिस्से गेले. तारा राहिला, आकाश काळं राहिलं. सॉफ्टवेअर जे निवडून करतं ते इथे चांदीचे अणू आपोआप करतायत. भाच्याला मी हे कागदावर करून दाखवलं तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, मावशी, हे मला आधी का नाही सांगितलंस.

ह्यातूनच अजून एक निघतं, जे नवीन लोकांना पटत नाही. तारा किती ठळक येईल हे तुम्ही शटर किती वेळ उघडं ठेवलं ह्यावर अवलंबून नाही. वेळ वाढवला की रेघ लांब होते, ठळक होत नाही. ठळकपणा ठरतो लेन्सच्या भोकाच्या खऱ्या आकारावर आणि फिल्मच्या आयएसओवर, म्हणजे ती उजेडाला किती संवेदनशील आहे त्या आकड्यावर. ५० एमएम एफ ४ ला ठेवली (एफचा आकडा जितका मोठा तितकं भोक लहान) तर भोक साडेबारा मिलिमीटरचं, २८ एमएम एफ ४ ला फक्त ७ चं, त्यामुळे ५० वर कितीतरी जास्त तारे येतात. आणि ध्रुवाजवळचे तारे सावकाश सरकतात म्हणून तिथे अगदी बारीक ताऱ्यांच्याही रेघा दिसतात, लांबच्या भागात फक्त ठळकच उरतात. मी स्वतः अंधाऱ्या जागी १०० किंवा १२५ च्या फिल्मला एफ ४ ठेवते, आणि गावाचा उजेड असेल तर ५.६. एफ ८ च्या पुढे जाण्यात मला अर्थ वाटत नाही, तारेच कमी होतात.

कॅमेरा म्हणाल तर पेंटॅक्स के१०००, मामाचा. १९७६ ते १९९७ अशी वीसेक वर्षं हा कॅमेरा बनत होता, फोटोग्राफी शिकणाऱ्या किती पोरांचा हा पहिला कॅमेरा असेल त्याला गणती नाही. ह्याचं शटर पूर्ण मेकॅनिकल आहे, बॅटरी फक्त मीटरच्या काट्यासाठी, त्यामुळे बल्बवर (बटण दाबलेलं असेपर्यंत शटर उघडं राहतं ती खूण) ठेवून रात्रभर उघडा ठेवला तरी काही संपत नाही. हे महत्त्वाचं आहे हं, कारण फिल्मचे सगळे कॅमेरे असे नसतात, नंतरच्या इलेक्ट्रॉनिक कॅमेऱ्यांमध्ये शटर उघडं धरून ठेवायलाच बॅटरी लागते आणि दोन-चार तासात ती मान टाकते. विकत घेत असाल तर एवढं एकच बघा, बॅटरी काढून बल्ब चालतो का. बाकी लागतं काय, तर लॉक होणारी केबल रिलीज (ती स्क्रूवाली, दाबून स्क्रू घट्ट केला की शटर उघडं राहतं) आणि जड ट्रायपॉड. हलका असेल तर मधल्या दांड्याला पिशवी बांधून त्यात दगड भरा, पण पिशवी जमिनीला टेकलेली हवी, लोंबकळती राहिली तर वाऱ्यानी झुलते आणि रेघा थरथरतात.

आता जागा. इंदूरच्या गच्चीवरून हे होत नाही. सुदामानगरला आमच्या गच्चीवरून ध्रुवतारा कधीमधी दिसतो, त्याच्याजवळचा शर्मिष्ठा तारकासमूह पण ओळखू येतो, पण सोडियमचे पिवळे दिवे जाऊन एलईडी आल्यापासून आकाशाचा रंगच दुधाळ झालाय आणि त्याला फिल्म कितीही विसरभोळी असली तरी पुरी पडत नाही. जानापाव चांगलं आहे, महूच्या पुढे, चंबळ जिथून निघते ती टेकडी, उंची आहे, हवा स्वच्छ असते, पण उत्तरेला बघितलं की पीथमपूर आणि इंदूर दोन्हीचा उजेड फ्रेममध्ये येतो. तिथून दक्षिणेकडचे फोटो काढावेत. मला सगळ्यात प्रिय मांडू. इंदूरपासून शंभरेक किलोमीटर, उत्तरेला फक्त धारचा थोडासा उजेड क्षितिजालगत, पीथमपूर उजव्या बाजूला लांब, आणि दक्षिणेला तर कडा तुटून एकदम खाली निमाडचा प्रदेश, तिकडे काळोखच काळोख.

महाल वगैरे संध्याकाळी बंद होतात, पुरातत्त्व खात्याची फाटकं लागतात, आणि खरं सांगू का मला रात्रीच्या फोटोत जहाजमहाल नकोच असतो. मला हवी असते गोरखचिंच. तिकडचे लोक तिला खुरासानी इमली म्हणतात, रस्त्याच्या कडेला तिची मोठी मोठी फळं विकायला ठेवलेली असतात ती तुम्ही बघितली असतील. मूळ आफ्रिकेतलं झाड, सुलतानांच्या काळात इथे आलं असं सांगतात. हिवाळ्यात पानं झडून जातात, मग तो जाडजूड बुंधा आणि वर बोटं पसरल्यासारख्या बोडक्या फांद्या, आणि फांद्यांच्या मधून रेघा दिसतात. पानांचं झाड असतं तर एक काळा ढीग आला असता नुसता. आम्ही ज्या झाडाखाली बसतो ते एकाच्या शेताच्या बांधावर आहे, त्याला आधी विचारतो, रात्री कधी कधी तो मोटर चालू करायला येतोच कारण गव्हाला पाणी द्यायचं आणि लाइट रात्रीची, तेव्हा बॅटरी खाली जमिनीकडे धरून येतो, त्याला मी एकदाच सांगितलं होतं, तेव्हापासून न चुकता. येताना शेकोटीला बोलावतो पण शेकोटी कॅमेऱ्यामागे बरीच लांब हवी म्हणून आम्हीच तिकडे जाऊन बसतो. एकदा त्याच्या घरून दाल-पानिये आले होते, पळसाच्या पानात भाजलेले मक्याचे, ती चव मी अजून विसरले नाही.

तिथी बघायची ती अमावस्येच्या आसपासची. दिवाळीची अमावस्या सोडून द्या, फटाक्यांचा धूर चार-पाच दिवस हलत नाही. त्याच्या पुढच्या दोन-तीन अमावस्या खऱ्या कामाच्या, कार्तिक, मार्गशीर्ष, पौष. (आमच्या शेजारच्या मिश्राकाकू पौर्णिमेला महिना बदलतात, आम्ही अमावस्येला, त्यामुळे ह्या महिन्यांच्या नावांवरून आमचा नेहमी घोळ होतो, पण अमावस्या दोघींच्या पंचांगात एकाच दिवशी असते.) झाडावर थोडा उजेड हवा असेल तर शुद्ध पंचमी-षष्ठी पण उत्तम. चंद्र दहा-अकराला मावळतो, तो मावळायच्या तासभर आधी शटर उघडायचं, कॅमेरा उत्तरेकडे असल्यामुळे पश्चिमेचा तिरपा उजेड डावीकडून बुंध्यावर पडतो आणि चंद्र गेला की बाकीचे तीन तास निव्वळ तारे. टॉर्चनी रंगवण्यापेक्षा मला हे शंभर पटीनी आवडतं, टॉर्चनी झाड नाटकाच्या सेटसारखं दिसतं.

फ्रेम लावायची सूर्य मावळतानाच, कारण रात्री के१००० च्या फाइंडरमधून काही म्हणजे काही दिसत नाही. उत्तर कुठे ते फोनच्या होकायंत्रावर बघितलं तरी चालतं, आपल्या भागात होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर ह्यात एका अंशाचाही फरक नाही. आणि उंची? ध्रुवाची उंची म्हणजे तुमच्या गावाचा अक्षांश. मांडूला २२ अंशांच्या थोडं वर, इंदूरला पावणेतेवीस. युरोपातल्या लोकांच्या फोटोत ध्रुव आकाशात फार वर असतो, त्यांना खालचं काही फ्रेममध्ये बसवायला कष्ट पडतात. आपल्याकडे तो इतका खाली आहे की २८ एमएम उभी धरली की झाड, क्षितिज, ध्रुव आणि वरची शर्मिष्ठा सगळं आरामात मावतं. माळव्यात राहणाऱ्यांना हे फुकट मिळालंय आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही ह्याचं मला वाईट वाटतं.

ही अक्षांशाची गोष्ट मला पुस्तकातून नाही कळली. मामा उज्जैनला असतो आणि लहानपणी दर सुट्टीत आम्हाला वेधशाळेत न्यायचा. सवाई जयसिंगानी १८व्या शतकात बांधलेली, मग पडीक झाली होती, आणि १९२३ मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी ती दुरुस्त करून घेतली, पहिले अधीक्षक गो. स. आपटे. मामा हे नाव फार अभिमानानी घ्यायचा. तिथलं सम्राट यंत्र म्हणजे तिरकी भिंत आणि तिच्यावर जिना. भिंतीचा उतार बरोब्बर उज्जैनच्या अक्षांशाइतका, २३ अंश आणि काही कला, त्यामुळे तिची वरची कड पृथ्वीच्या अक्षाला समांतर आहे आणि थेट ध्रुवाकडे रोखलेली आहे. मामा म्हणायचा, ह्या कडेला डोळा लावलास ना की पृथ्वी कशाभोवती फिरते ते दिसतं. माझ्या निगेटिव्हमधल्या गोलांचा मध्य तोच. आणि हो, ध्रुवतारा त्या मध्यावर नसतो, खऱ्या ध्रुवापासून अर्ध्या अंशाहून थोडा जास्त बाजूला आहे, म्हणून त्याची पण एक इवलीशी कमान येते. लूप (छोटं भिंग) लावून निगेटिव्ह बघताना मी आधी ती शोधते.

डिसेंबरच्या शेवटी आठ वाजता शटर उघडलं की शर्मिष्ठा ध्रुवाच्या वर असते आणि तिथून डावीकडे उतरायला लागते. उजवीकडून सप्तर्षी यायला लागतात, आधी क्रतू आणि शेवटी मरीची, तोवर मध्यरात्र होते. आपल्या अक्षांशावर सप्तर्षी रोज उगवतात आणि मावळतात हे पण बऱ्याच जणांना माहीत नसतं, शाळेत शिकवतात की ते ध्रुवाभोवती फिरत राहतात, ते फिरतात पण इथे क्षितिजाखालून. भाचा त्याच्या कॅमेऱ्याच्या क्लिक मोजत असतो, मी काही करत नाही. खरोखर काही करायचं नसतं. दर अर्ध्या तासानी लेन्स बघायची, बस.

लेन्स बघायची ती दवासाठी. माळव्याच्या हिवाळ्यात विमान, कुत्री, गाड्यांचे दिवे ह्या सगळ्यापेक्षा मोठा शत्रू म्हणजे दव, त्यात शेजारच्या शेतात पाणी सोडलेलं असेल तर विचारूच नका. काच उघड्या आकाशाखाली हवेपेक्षा गार होते आणि तिच्यावर बारीक थेंब जमतात, आणि फिल्मवर त्या क्षणापासून रेघा हळूहळू मऊ होत होत विझतात. पुसायचं नाही, पुसलं की हलतं. आधीच काळजी घ्यायची, ट्रेकवाले वापरतात ती हँड वॉर्मरची पाकिटं मिळतात, ती जुन्या सॉक्सच्या तुकड्यात घालून लेन्सभोवती रबर बँडनी बांधायची, काच हवेपेक्षा दोन अंश गरम राहिली तरी पुरतं. ह्यावर मी कधीच तडजोड करत नाही. विमानासाठी हातात काळा पुठ्ठा ठेवते, इंदूरच्या विमानतळाकडे जाणारं एखादं फ्रेममध्ये घुसायला लागलं की लेन्ससमोर, न टेकवता, धरायचा. अर्धा मिनिट झाकलं तरी २८ एमएमवर रेघेत पडणारी फट मिलिमीटरचा सोळावा-सतरावा हिस्सा, मोठ्या प्रिंटवर सुद्धा कुणाच्या लक्षात येत नाही. सॅटेलाइट्सचं मात्र काही करता येत नाही आणि ते वर्षागणिक वाढतायत, आकाशाचं हे असं होणं मला मनापासून खुपतं.

आता धुण्याबद्दल, कारण इथेच लोकांचे रोल वाया जातात. लाला दीनदयाळ ह्या नामवंत फोटोग्राफरनी १८७०च्या दशकात ज्या इंदूरमध्ये नोकरी करता करता कॅमेरा हातात घेतला, ज्यांना होळकरांनी आश्रय दिला, त्या इंदूरमध्ये मी ज्या लॅबमध्ये रंगीत रोल द्यायचे त्यांनी मशीनच काढून टाकलं. आता रंगीत रोल कुरियरनी मुंबईला जातात आणि ब्लॅक अँड व्हाइट मी घरी बाथरूममध्ये डी-७६ नावाच्या डेव्हलपरमध्ये धुते. लॅबला पाठवत असाल तर दोन गोष्टी. रोलचा पहिला फोटो दिवसाउजेडी, साधा, घराच्या दाराचा का होईना काढा. कारण रात्रीच्या फोटोला कडाच नसतात, निगेटिव्ह इकडून तिकडे पारदर्शक दिसते, कापणाऱ्याला फ्रेम कुठे सुरू होते तेच कळत नाही आणि कात्री बरोबर ध्रुवावरून जाते. आमच्या ओळखीतल्या एकाची एक अख्खी रात्र अशी दोन तुकड्यात परत आली. दुसरं, पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहा, रोल कापू नका, रिकामा दिसला तरी सगळं स्कॅन करा.

रंगाबद्दल पण सांगायला हवं. ताऱ्यांना रंग असतात हे डोळ्याला फारसं जाणवत नाही, आणि ठिपक्याच्या फोटोत ठळक तारा पांढराच फटफटीत येतो. रेघेत उजेड पसरतो म्हणून रंग टिकतो. मृगातला काक्षी नारिंगी, खालचा राजन्य निळसर, रोहिणी तांबूस, ब्रह्महृदय पिवळट, हे सगळं कोडॅक गोल्ड २०० सारख्या साध्या रोलवर सुद्धा येतं. पूर्वेकडे तोंड करून मृग उगवताना काढा एकदा, मधला बाणाचा पट्टा अगदी सरळ रेघेत वर जातो कारण तो जवळजवळ आकाशाच्या विषुववृत्तावर आहे, त्याच्या डावीकडच्या रेघा उत्तर ध्रुवाकडे वळतात आणि उजवीकडच्या दक्षिणेकडे, एकाच फ्रेममध्ये पृथ्वीचे दोन्ही ध्रुव कळतात. फिल्मचे तीन रंगांचे थर लांब एक्स्पोजरला एकाच वेगानी थकत नाहीत, त्यामुळे काळ्या आकाशाला थोडी जांभळट किंवा हिरवट झाक येते, फिल्मप्रमाणे वेगळी. फुजीच्या प्रोव्हिया १००एफ ला कंपनीच लिहायची की २ मिनिटांपर्यंत काही करू नका, त्यापुढे फिकट हिरवा फिल्टर लावा. मी फिल्टर लावत नाही. ती झाक मला त्या रात्रीची वाटते आणि स्कॅनमध्ये ती काढून टाकणाऱ्यांशी माझं कधीच पटलेलं नाही.

ह्या हिवाळ्यात उत्तर सोडून दक्षिण करायची आहे, मांडूच्या कड्यावरून निमाडाकडे. तिकडे अगस्त्य तारा आहे. तो मांडूहून जास्तीत जास्त १५ अंशच वर येतो, म्हणजे क्षितिजावर एक बुटकी कमान काढून परत खाली जातो, आणि ती कमान उलट्या बाजूनी वळलेली असते कारण तिचा मध्य जमिनीखाली, दक्षिण ध्रुवापाशी. डिसेंबरच्या शेवटी साडेबाराच्या आसपास तो बरोबर दक्षिणेला असतो, जानेवारीच्या शेवटी साडेदहाला, म्हणजे पौष अमावस्या सोयीची पडेल, त्याच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास असं शटर उघडं ठेवायचं. ५० एमएम आडवी, एफ ४, एफपी४ चा रोल फ्रीजमधून काढून ठेवलाय. खाली नर्मदेच्या बाजूला धुकं साचतं ते क्षितिजालगतचे तारे खाईल की काय एवढी एकच शंका आहे, म्हणून भाच्याला सांगितलंय की आदल्या रात्री तूच डिजिटलवर एक तासाचं करून बघ आणि मला कळव.